वेल्समधल्या आमच्या गावातलं चॅपल गावकरी विकत घेतायत, आम्ही शेअर घ्यावेत का? (थोडं लांब आहे, चहा घेऊन बसा)

मिरजेची_मीनल

नमस्कार मंडळी. आम्ही चार वर्षं झाली उत्तर वेल्समधे ग्विनेद भागात एका छोट्या गावात राहतो, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण दोनशे घरांच्या गावात भारतीय कुटुंब एकच आहे, लगेच ओळखू येईल. नवरा बँगोरच्या बाजूला नोकरीला, मी घरूनच काम करते.

आमच्या घराच्या चार घरं पुढे एक चॅपल आहे, कापेल म्हणतात इथे. दगडी, दुमजली उंची, समोर दोन लांबच लांब खिडक्या आणि वर मधोमध एक पाटी, त्यावर नाव आणि कधी बांधलं कधी वाढवलं ते सगळं कोरलेलं, आपल्या सातबाऱ्यावर फेरफार असतात ना तसं. खाणकामगारांनी पगारातून पैसे काढून बांधलं म्हणतात. शेवटी रविवारी सहा सात आज्या आणि एक आजोबा एवढेच उरले होते, गेल्या वर्षी शेवटची प्रार्थना झाली, मी गेले होते, माझ्या शेजारच्या आजी रडत रडत चार आवाजांतल्या गाण्यातली अल्टोची (बायकांच्या खालच्या आवाजाची) ओळ बिनचूक गात होत्या, पुस्तक न उघडता.

आता ते विक्रीला आहे. बाहेरचा कुणीतरी घेऊन हॉलिडे होम करणार अशी आवई उठली आणि गाव पेटलं. वेस्ट्रीत (मागची खोली, संडे स्कूलची) मीटिंग झाली, समिती झाली, आणि आता कम्युनिटी शेअर्स काढायचं चाललंय, कमीत कमी १०० पौंड. चॅपल घेऊन गावाचं सभागृह, कॅफे, गाण्याचे कार्यक्रम, वेल्श शिकायचे वर्ग असं काय काय करायचंय.

माझे प्रश्न. १) हे शेअर म्हणजे नक्की काय, पैसे परत मिळतात का, की देणगीच समजायची? नवरा म्हणतो त्यापेक्षा आयसामधे (इथलं करमाफीचं बचत खातं) टाक. २) आम्ही हिंदू, त्यात उद्या कदाचित निघूनही जाऊ, आमचं हे करणं आगाऊपणा वाटेल का? सासूबाई फोनवर म्हणाल्या "आपल्या गावच्या मारुतीला पत्रे घालायचेत ते सोडून चर्चला कसले पैसे देताय". ३) मला समितीत ये म्हणतायत, हिशेबाला. मला मोडकंतोडकं वेल्श येतं.

आणि एक गंमत, वेस्ट्रीच्या कपाटात एक जुनी लाकडी पैसे टाकायची पेटी सापडली, त्यावर ब्रिनिआउ कासिया असं काहीतरी लिहिलंय (उच्चार चुकला असेल). आजी म्हणाल्या "ते तुमच्याकडचं आहे". मिरजेचं तर नक्कीच नाही. कुणाला माहितीये का?

---

कार्डिफचा_पम्या

मीनल, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, मी अशा दोन ठिकाणी शेअर घेतलेत, एक पब आणि एक दुकान. घाबरू नको पण आयसाशी तुलना पण करू नको, नवऱ्याला सांग की तो वेगळा डबा आहे.

बहुतेक कम्युनिटी बेनिफिट सोसायटी काढतील, २०१४ च्या को-ऑपरेटिव्ह सोसायट्यांच्या कायद्याखाली. आपल्याकडच्या सहकारी सोसायटीसारखंच डोकं आहे, तू सांगलीकडची म्हणजे तुला हे शिकवायला नको, फक्त इथे चेअरमनची गाडी नसते 😄 एका माणसाला एक मत, तू १०० टाक नाहीतर कुणी २०००० टाको. शेअर दुसऱ्याला विकता येत नाही, सोसायटीकडेच परत करायचा, आणि तोही जेवढ्याला घेतला तेवढ्यालाच, इमारतीची किंमत दुप्पट झाली तरी तुझे १०० ते १००. पहिली दोन तीन वर्षं सहसा काढूच देत नाहीत, नंतरसुद्धा हातात पैसे असतील तर. आणि बँकेतल्या ठेवीला जे सरकारी संरक्षण असतं ते इथे नाही, सोसायटी बुडली तर पैसे बुडाले. म्हणून गेले तर झोप उडणार नाही एवढेच टाक.

अॅसेट लॉक घालतायत का हे मात्र विचार. तो असला की उद्या वीस वर्षांनी कुणी बहुमत जमवून चॅपल विकून पैसे वाटून घेऊ शकत नाही.

आता जरा अवघड भाग. इंग्लंडमधे २०११ च्या कायद्याने गावाला एक हक्क मिळालाय, एखादी इमारत गावाच्या उपयोगाची म्हणून नोंदवली तर विक्रीला निघाल्यावर गावाला पैसे उभे करायला सहा महिने मिळू शकतात. वेल्समधे तो भाग लागूच केला नाही. म्हणजे तुमच्या गावाला थांबा म्हणायचा कायदेशीर अधिकार नाही, मालकाच्या चांगुलपणावर सगळं. आणि मालक म्हणजे पंथाचे विश्वस्त, ते धर्मादाय कायद्याने बांधलेले, त्यांना जाणकाराकडून लेखी अहवाल घेऊन मिळण्यासारखा चांगला भाव घ्यावाच लागतो, सहसा. गावात लोक "आमच्या खापरपणजोबांनी बांधलं आणि आम्हालाच विकतायत" म्हणून चिडतात, ते बरोबरच आहे, पण समोरचे विश्वस्त लुच्चे असतात असं नाही, त्यांचे हात बांधलेले असतात. त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्यांच्याशी गोड बोला, सहा आठ महिने थांबतो असं लेखी घ्या. हे नाही झालं तर शेअर काढून पण उपयोग नाही.

जवळचं उदाहरण पाहिजे तर ल्लानदुरोग गावचा टिन ल्लान पब बघ, २०२१ मधे लोकांनी चार लाख पौंडांच्या वर जमवले शेअर काढून. आणि ल्लिथ्वायनचा तावर्न अ विक तर १९८८ पासून गावाचा आहे. पबला लोक पैसे देतात, चॅपलला देतील का हा प्रश्न मी तिथे असतो तर मांडला असता.

---

निवांत_नाना

मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ज्या देवळात पूजेला माणूस नाही ते देऊळ गावाने कशाला ओढायचं. तिकडे तरुणांना राहायला घरं नाहीत म्हणे, मग त्याची चार घरं करा की गावातल्या पोरांसाठी. भावनेच्या भरात शंभर शंभर पौंड गोळा करून उद्या गळकं छत सांभाळत बसायचं. आमच्या गावात वाडा वाचवा म्हणून पत्रकं काढली, वर्गणी जमली, फोटो छापून आले, आणि पाच वर्षांनी त्याच वाड्यात पिंपळ उगवला. वाचवा म्हणणारे सगळे पुण्यात.

---

मिरजेची_मीनल

नाना राग नाही, मीटिंगमधे एका शेतकऱ्याने हेच म्हटलं जवळजवळ याच शब्दांत. पण चार घरं गावातल्या पोरांसाठी होणार नाहीत ना, हाच तर मुद्दा आहे. समुद्र जवळ, डोंगर जवळ, इथे दर तिसरं चौथं घर वर्षातले दहा महिने बंद असतं आमच्या गल्लीत. कौन्सिल दुसऱ्या घरांवर नेहमीच्या कराच्या वर दीडशे टक्के जास्तीचा कर घेते तरी लोक घेतात. माझ्या दोन्ही बाजूंची घरं नोव्हेंबरात अंधारात असतात, पहिल्या हिवाळ्यात मी फार घाबरले होते.

आणि शाळेतल्या मुलांचं कॅरल, म्हाताऱ्यांचं दुपारचं जेवण, मतदान, कुणी गेल्यावरचा चहा, सगळं त्या वेस्ट्रीत. ती गेली तर गावात चार भिंतींच्या आत एकत्र बसायला जागाच नाही, पबही नाही आमच्याकडे.

---

शिलाँग_रिटर्न

मीनलताई, ती पेटी फेकू देऊ नका!! ब्रिनिआउ कासिया म्हणजे खासी हिल्स, आपलं मेघालय. मी बँकेच्या बदलीवर साडेतीन वर्षं शिलाँगला होतो त्यामुळे हे वाचून खुर्चीतून उठलोच.

तुमचं चॅपल नक्की कॅल्विनिस्टिक मेथॉडिस्ट पंथाचं असणार, ज्याला आता प्रेस्बिटेरियन चर्च ऑफ वेल्स म्हणतात. त्यांनी १८४० मधे लिव्हरपूलला स्वतःचं मिशन काढलं आणि पहिला माणूस पाठवला थॉमस जोन्स, माँटगोमेरीशरच्या एका सुताराचा मुलगा, तो २२ जून १८४१ ला चेरापुंजीला म्हणजे सोहराला पोचला. खासी भाषा आज रोमन लिपीत लिहितात ती त्याच्यामुळे. शेवटी मिशनशीच त्याचं बिनसलं, व्यापाऱ्यांशी भांडला, आणि १८४९ मधे कलकत्त्यात वारला, तिथल्या स्कॉटिश स्मशानभूमीत आहे. पण मेघालयात २२ जूनला आजही सरकारी सुट्टी असते, मी स्वतः बँकेत बसून कॅलेंडर बघितलंय आणि हा जोन्स कोण बुवा म्हणून शिपायाला विचारलंय. त्याने मला अर्धा तास सांगितलं.

शिलाँगमधलं रॉबर्ट्स हॉस्पिटल माहितीये का, १९२२ चं, वेल्श मिशनचंच. माझ्या मुलीचा हात मोडला तेव्हा प्लास्टर तिथेच घातलं. आता विचार करा, त्या पेटीत तुमच्या गावच्या खाणकामगारांच्या पोरांनी पेनी पेनी टाकली, कारण हे मिशन वेल्समधल्या अशा चॅपलांतल्या वर्गणीवरच चालायचं. सासूबाईंना सांगा, पैसे आधी तिकडून इकडे आलेत, तुम्ही शंभर पौंड उलटे पाठवताय फक्त.

(धर्मांतर वगैरे विषय इथे नको, मला त्याबद्दल वेगळी मतं आहेत, पण प्लास्टर प्लास्टर असतं.)

अजून एक. वेल्सचं राष्ट्रगीत तुम्ही रग्बीच्या आधी ऐकलं असेलच. त्याच चालीवर खासी लोक "री खासी री खासी" म्हणतात. मी पहिल्यांदा टीव्हीवर वेल्सची मॅच बघितली तेव्हा मला वाटलं हे लोक खासी गाणं का म्हणतायत. आणि आता मिझोरमहून उलटे धर्मसेवक वेल्समधे जातात, तिकडची चॅपलं रिकामी आणि ऐजॉलची भरलेली.

---

चुन्याचा_गिलावा

मी जुन्या इमारतींचं काम करतो, आधी भुलेश्वर वाईकडे वाडे केले, आता नऊ वर्षं इंग्लंडमधे आहे आणि वेल्समधली तीन चॅपलं आतून वरून खालून बघितलीत. नानांचा पिंपळ मला पटतो म्हणून कोरडं बोलतो.

विकत घेणं हा यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. चॅपल घराच्या किमतीत, कधी त्याहून कमी मिळतं, आणि छताला त्याच्या कित्येक पट लागतात. वेल्श स्लेट शंभर वर्षं सहज टिकते, पण ती ज्या खिळ्यांवर अडकवलेली असते ते गंजतात, मग पाट्या एकेक घसरायला लागतात, खालून बघितलं तर दोन पाट्या सरकल्यात एवढंच दिसतं आणि वर गेलं की अख्खा उतार हातात येतो. पन्हाळी तुंबली की पाणी भिंतीत, भिंतीतून गॅलरीच्या तुळईच्या टोकात, आणि तिथे ड्राय रॉट, ती एक बुरशी आहे, लाकडाचं पीठ करते आणि विटांच्या आडूनसुद्धा पुढे सरकते. बंद इमारतीत एका हिवाळ्यात होतं हे. तुमचं वर्षभर बंद आहे म्हणालात. उद्या जाऊन गॅलरीखाली नाक लावून वास घ्या, अळंबीचा वास आला तर समितीला आधी ते सांगा, लोगो नंतर करा.

दुसरं, मागच्या पिढीत कुणी दगडांच्या सांध्यात सिमेंट भरलंय का बघा. बहुतेक ठिकाणी भरलंय. चुन्याच्या भिंतीला सिमेंट म्हणजे पावसात रेनकोट घालून घाम यावा तसं, पाणी आतच राहतं.

तिसरं वटवाघळं. हसू नका. इथे वटवाघळांची जागा हलवणं गुन्हा आहे, परवाना लागतो नॅचरल रिसोर्सेस वेल्सकडून, आणि त्यांची पाहणी मे ते सप्टेंबरच्या संध्याकाळी बाहेर खुर्ची टाकून बसूनच होते. ऑक्टोबरमधे आठवण झाली तर पुढच्या मेपर्यंत काम थांबलं. मी एक काम असंच आठ महिने थांबलेलं बघितलंय.

लिस्टेड (वारसा म्हणून संरक्षित) आहे का? कादूच्या (वेल्सचं वारसा खातं) यादीत बघा, फुकट दिसतं. असलं तर आतले बाक काढायलासुद्धा कौन्सिलची परवानगी, आणि दुरुस्तीवर २० टक्के व्हॅट. अनुदानासाठी हेरिटेज फंड, वेल्श सरकारचा कम्युनिटी फॅसिलिटीज प्रोग्राम वगैरे आहेत पण ते सगळे एकच विचारतात, हे उघडून दर मंगळवारी काय चालणार आणि विजेचं बिल कोण भरणार. "इतिहास वाचवायचाय" याला पैसे मिळत नाहीत, मंगळवारला मिळतात.

एवढं बोलून सांगतो की मी असतो तर शेअर घेतला असता. मर्थर टिडविलला सोआर नावाचं चॅपल आहे, आता तिथे थिएटर आणि वेल्श भाषेचं केंद्र आहे. माखन्ल्लेथचं टॅबरनॅकल १९८६ पासून कलाकेंद्र आहे, आवाज असा की गाणारा माणूस मायक्रोफोन मागत नाही. होतं ते, फक्त वर्षं लागतात.

---

पळसदेवची_लेक

मी एरवी फक्त वाचते पण लिहावंसं वाटलं. आमचं मूळ गाव उजनीच्या पाण्यात गेलंय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, लोक होडीने बघायला जातात, रील्स काढतात. माझी आजी कधी गेली नाही बघायला.

वेल्समधेही असंच एक गाव आहे ना, कापेल केलिन, लिव्हरपूलला पाणी पाहिजे म्हणून १९६५ मधे धरणात बुडवलं, त्यात चॅपल पण गेलं आणि दफनभूमी पण. वेल्सच्या एकाही खासदाराने बाजूने मत दिलं नव्हतं तरी कायदा झाला. मी यावर वाचलं होतं कारण आमच्यासारखंच वाटलं. तिकडे रस्त्याकडेच्या एका भिंतीवर "त्रवेरिन (त्या खोऱ्याचं नाव) विसरू नका" असं लिहिलंय वेल्शमधे, कुणी पुसलं की लोक परत लिहितात.

म्हणून मला वाटतं तुमच्या शेजारच्या आजी रडल्या ते नुसत्या इमारतीसाठी नसेल. त्यांच्या लहानपणीची गोष्ट आहे ती. त्यांना विचारून बघा.

---

कार्डिफचा_पम्या

+१. आणि नाना "पूजेला माणूस नाही" म्हणतात त्याबद्दल, चॅपल म्हणजे देऊळ असं एकास एक नाही बसत. चर्च वेगळं, ते जमीनदाराचं आणि सरकारी, निदान १९२० पर्यंत तरी. चॅपल म्हणजे ते न मानणाऱ्या लोकांनी स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या भाषेत उभं केलेलं. केरेडिगियनमधे ल्लुइनर्हिदोवेन नावाचं एक आहे. तिथली मंडळी उदारमतवादी, त्यांचा पाळक ग्विलिम मार्लेस कुळांच्या बाजूने बोलायचा, म्हणून १८७६ मधे जमीनदाराच्या कारभाऱ्याने भाडेपट्टा रद्द करून दाराला कुलूप घातलं. लोक बाहेर रस्त्यावर प्रार्थनेला बसले, देशभरातून वर्गणी आली आणि तीन वर्षांत जवळच नवं बांधलं. (हा मार्लेस म्हणजे कवी डिलन थॉमसच्या आजोबांच्या पिढीतला नातेवाईक.) जुनं चॅपल आता एका ट्रस्टकडे आहे, रिकाम्या चॅपलांसाठीच काढलेला ट्रस्ट आहे तो, आधोल्दाइ कम्री. पण त्यांनी आजवर घेतलेली हाताच्या बोटांवर मोजावी एवढीच, आणि वेल्समधे बांधलेली सहा हजारांच्या वर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दर आठ दिवसांना एक पूर्ण व्हायचं म्हणतात. सगळी वाचणार नाहीत हे नानांचं बरोबर आहे.

तिकडे तर गावांची नावंच चॅपलवरून आहेत, बेथेस्दा, नेबो, कारमेल, नाझरेथ. मी एकदा त्या भागात बसची पाटी वाचून बायबलमधे उतरल्यासारखा झालो होतो.

---

निवांत_नाना

बरं बाबांनो. कुळं, जमीनदार म्हटल्यावर माझा आवाज बसला. पण मंगळवारचं काय ते गिलावावाल्यांचं मला पटलं, त्याचं उत्तर मीनलने द्यावं. आणि मारुतीचे पत्रे विसरू नये, सासूबाईंचं पण रास्त आहे.

---

मिरजेची_मीनल

सगळ्यांना उत्तर उशिरा देतेय, तीन आठवडे गेले मधे.

वास घेतला. समितीतले दोघं आणि मी टॉर्च घेऊन गॅलरीखाली गेलो, डाव्या कोपऱ्यात आहे वास 😞 सर्वे करणाऱ्याला बोलावलंय, शेअर काढायचं तोवर पुढे ढकललं. दोन जण माझ्यावर जरा नाराज झाले की तुला कुणी सांगितलं हे उकरायला, पण खजिनदार बाई म्हणाल्या बरं झालं आत्ता कळलं. विश्वस्तांनी मार्चपर्यंत दुसऱ्या कुणाला विकणार नाही असं पत्र दिलंय, पम्या, तुझा सल्ला जसाच्या तसा मांडला होता. लिस्टेड आहे, ग्रेड टू.

मंगळवार: विणकामवाल्या बायका. खरंच, त्यांचा वारच मंगळवार आहे. बाकीचे वार अजून रिकामेच. वेल्श शिकणाऱ्यांचा वर्ग सध्या शेजारच्या गावात भरतो तो इकडे आणता येईल म्हणतायत, त्यात मी पण आहे त्यामुळे निदान एक विद्यार्थी पक्का.

आजींना विचारलं. त्या बोलल्याच नाहीत आधी, मग कपाटातून एक फोटो काढला, त्यांची मावशी कापेल केलिनची. एवढंच सांगून चहा ओतायला गेल्या. मी पुढे विचारलं नाही.

पेटीचं सांगितल्यावर मात्र त्यांनी मला हाताला धरून वेस्ट्रीत नेलं आणि भिंतीवरची एक चौकट दाखवली, मी चार वर्षं तिच्याखाली चहा प्यायलेय. त्यात पैसे जमवणाऱ्या मुलांची नावं आहेत, एकेका नावापुढे शिलिंग आणि पेन्स, आपल्याकडे देवळातल्या पंख्यावर कै. अमुक यांच्या स्मरणार्थ असतं ना तसं, फक्त इथे दहा दहा वर्षांची पोरं. त्यात आजींच्या वडिलांचं नाव आहे, दोन शिलिंग चार पेन्स.

दोघांच्या नावाने दोनशे टाकतोय, नवऱ्याने आयसाचं नाव काढलं नाही. मारुतीला पण तेवढेच पाठवले, नाहीतर घरात राहायची सोय नाही. समितीत हिशेबाला बसलेय, मिनिट्स वेल्शमधे असतात ते दुसऱ्या दिवशी शेजारची शाळकरी मुलगी मला समजावून देते, तिला बदल्यात शंकरपाळे.

गिलावा, एक विचारायचं होतं, ऑर्गन आहे आत, जुना, पायाने भाता मारायचा, त्याचे दोन सूर वाजतच नाहीत आणि एक थांबतच नाही. हे बुरशीच्या आधी बघायचं की नंतर?

---

चुन्याचा_गिलावा

नंतर. पण आत्ताच झाकून ठेवा, प्लॅस्टिकने नको, सुती चादरीने. आणि वरची पन्हाळ या शनिवारी साफ करा, सर्वेवाल्याची वाट बघू नका, शिडी खालून एकाने धरा.

---

शिलाँग_रिटर्न

थांबत नाही तो सूर रेकॉर्ड करून टाका ना इथे. आणि त्या चौकटीचा फोटो शिलाँगच्या माझ्या जुन्या शिपायाला पाठवायचाय, नावं झाकून चालेल.

---

मिरजेची_मीनल

टाकते रविवारी. आजींना विचारून.